हात मागे बांधून

४ फेब्रुवारी, सकाळ

धाकट्या,

जहाज सुटलं ते मला कळलंच नाही. मी कठड्याला टेकून शेजारच्या बाईंना विचारत होते, "आता निघायचं कधी?" त्या म्हणाल्या, "अहो, मघाशीच निघालो की." बघते तर धक्क्यावरची माणसं बोटाएवढी झालेली. एवढं मोठं धूड हललं आणि माझ्या हातातल्या कपातला चहा हलला नाही. आपल्या खानावळीत कुणी बाक सरकवला तरी शेजारच्याची वाटी सांडते.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. जहाजावर टपालाची पेटी आहे, पुढच्या बंदरावर पत्रं पोचवतात म्हणे. माझ्याआधी पोचलं तर वाच, माझ्यानंतर पोचलं तरी वाच.

तुझं काम विसरलेले नाही. "अक्का, त्याला घेऊन ये. माझे गुडघे गेले. खानावळ त्यानं नाही चालवली तर कुलूप लावावं लागेल." एवढं बोललास, तेही वाट्या पुसत, माझ्याकडं न बघता. स्वतःच्या मुलाला चार ओळी लिहायच्या म्हटलं की तुझ्या अंगात येतं. त्यानं दोघांची तिकिटं पाठवली, तर म्हणे, "बक्षिशीच्या पैशांचं तिकीट मला नको." मला चालतं बाबा. मी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलंय, आता कुणी मला वाढत असेल तर मी पैशाची जात विचारणार नाही.

आता ऐक. काल संध्याकाळी डायनिंग हॉलचं दार उघडलं. हॉल कसला, दोन मजल्यांइतका उंच, मधून रुंद जिना उतरतोय, वर झुंबरं, खाली गोल टेबलं नजर पोचेल तिथवर, आणि प्रत्येक टेबलाशी एकेक वेटर ताठ उभा. माझे पाय दारातच थबकले. चप्पल काढावी की काय असं वाटलं. दाराशी काळ्या कोटातला एक उंच गृहस्थ हात मागे बांधून उभा होता. मला वाटलं हाच कप्तान. मी आपली दोन्ही हात जोडून वाकले, "नमस्कार साहेब."

तो कप्तान ओठ न हलवता म्हणाला, "आत्या, हात खाली घे. लोक बघतायत."

मुक्या होता रे! आपला मुक्या. लहानपणी दहा वेळा विचारल्यावर एकदा "हूं" म्हणायचा म्हणून आपणच हे नाव ठेवलं. तो इथं हेड वेटर आहे, म्हणजे हॉलचा एक मोठा भाग, त्यातली सगळी टेबलं आणि सगळे वेटर त्याच्या हाताखाली. मी त्याला इतकी वर्षं फोटोत पाहत होते, पण फोटोत माणसाची उंची कळत नाही.

टेबलाशी खुर्ची सरकवून देताना हळूच म्हणाला, "इथं मी तुझा कुणी नाही. घरचं माणूस माझ्या टेबलावर आहे म्हटलं की बाकीच्यांना वाटतं तिलाच गरम मिळतं." मी म्हटलं, बरं. तोंड बंद ठेवायचं एवढंच ना? तुझ्याबरोबर राहून ते मला कधी जमलं नाही, पण प्रयत्न करते.

टेबलावर आम्ही चौघं. एक निवृत्त बँकवाले आणि त्यांच्या बाई, दोघंही स्वच्छ, इस्त्रीतली माणसं. आणि एक जाडजूड गृहस्थ, त्यांचं कुलपांचं दुकान आहे, तेही एकटेच आलेत. जेवण झालं आणि माझा हात सवयीनं पुढं गेला. चौघांच्या प्लेटा एकावर एक रचल्या, चमचे वर गोळा केले, उष्टं एका प्लेटमध्ये ओढलं. आमचा वेटर, उंच, सडपातळ पोरगा, त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं याला चक्कर येतेय. पाहुण्यानं प्लेट उचलली म्हणजे वेटर कमी पडला, असा इथं अर्थ होतो. लगेच मुक्या आला. "मॅडम, ही कामं आमच्यासाठी ठेवाल का?"

माझ्या मांडीवर वाढलेला पोरगा मला मॅडम म्हणाला, आणि मी म्हटलं, "चुकलं साहेब."

तो गेल्यावर बँकवाले म्हणाले, "स्वयंपाकी राबतो, वेटर राबतो, आणि हा बघा, कोट घालून हात मागे बांधून फिरतो. शेवटच्या संध्याकाळी बरोबर येईल हात मिळवायला. टिपचं पाकीट हवं असतं यांना." मी पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला जागा उरू नये. पण खरं सांगू? हे तुझंच बोलणं होतं, फक्त इस्त्री केलेलं.

दोन दिवस जाऊ देत. मग विषय काढते. आणतेच त्याला.

अक्का


७ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

अजून विषय काढला नाही. त्याला वेळ नसतो. मलाही नव्हता, कारण मी त्याच्यावर पाळत ठेवून होते.

बँकवाल्यांचं बोलणं मला लागलं होतं. म्हटलं, बघूया तरी, हा हात मागे बांधून करतो काय. आता मला माणसं वाढताना कशी चालतात ते कळतं, त्यात कुणी मला फसवू शकत नाही. पहिल्या संध्याकाळी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दिसायला लागलं, आणि दिसायला लागल्यावर माझं जेवणातलं लक्षच उडालं.

तो एका खुर्चीमागं उगाच थांबतो. काही बोलत नाही, वाकत नाही. आणि पलीकडून वेटर पाण्याचा जग घेऊन त्याच टेबलाशी येतो. कोटाच्या वरच्या बटणाला हात लावला की त्या बाजूचं पुढचं वाढप थांबतं, म्हणजे तिथं कुणाचं तरी बोलणं रंगलंय, मध्ये घुसू नका. चालण्याचा वेग कमी केला की मागचे सगळे कमी करतात. बोट दाखवत नाही, हाक मारत नाही. तू पळीनं टेबल बडवून "अरे पाणी!" असं ओरडतोस ना, ते काम हा खांदा वळवून करतो. मी तोंडात बोट घालायची तेवढी राहिले.

आमच्या पलीकडच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांचा हात थरथरतो, सुरी धरवत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धं जेवण तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ताट आतूनच बारीक तुकडे करून येतं, पण ते तुकडे पुन्हा असे जुळवून ठेवलेले की अख्खंच वाटावं. शेजाऱ्याला कळत नाही. काल ते म्हातारे बायकोला सांगत होते, "इथं मांस फार मऊ शिजवतात हं." म्हणजे त्यांनाही कळलेलं नाही! मी रुमाल शोधत राहिले, कुलूपवाल्यांना वाटलं तिखट लागलं.

आज सकाळी पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवायला नेलं. मी पहिल्या रांगेत. धाकट्या, मी जन्म स्वयंपाकघरात काढला, पण हे पाहून मी लहान झाले. चकचकीत पत्र्याचं गावच आहे ते. सूपचे हंडे एवढे की आपण दोघं आत बसून पत्ते खेळू शकू. एका बाजूनं वेटर भरले ट्रे घेऊन वर जातात, दुसऱ्या बाजूनं रिकामे घेऊन खाली येतात, कुणाचा कुणाला धक्का नाही. आणि हजारभर माणसांना सूप एकाच वेळी गरम मिळतं. आपल्याकडं शेवटच्या बाकावरच्याचा भात गार झाला की तू मला बोलायचास. इथला शेवटचा बाक कुठं आहे तेच मला दिसलं नाही.

ताटं जिथून बाहेर जातात तिथं एक लांब ओटा आहे. त्याच्याशी मुक्या उभा होता. दर ताट त्याच्यासमोरून जातं. अंगठ्याला फडकं गुंडाळून, डाव्या हातानं, तो काठावरचा थेंब पुसत होता. एकदाच, गोल. मी तिथंच थांबले, मागची माणसं माझ्यावर आदळली. तो हात तुझा होता रे. फडकं गुंडाळायची तऱ्हासुद्धा तुझी. एवढ्या मोठ्या पत्र्याच्या गावात मला तुझा हात दिसला.

आणखी एक. आमच्या उंच वेटरला मी विचारलं, तुम्हाला टेबलं कोण ठरवून देतं? तो म्हणाला, "दुसरीकडं साहेबांना खूश ठेवलं की चांगली टेबलं मिळतात. चांगलं टेबल म्हणजे चांगली टिप. आमचे साहेब सफर सुरू होण्याआधी सूपच्या भांड्यात चिठ्ठ्या टाकतात. जे निघेल ते." तू वाढप्यांना रांगा पाळीपाळीनं द्यायचास, कुणा एकाच्याच नशिबी खडूस गिऱ्हाइकं नकोत म्हणून. हा ते विसरलेला नाही. तूही हे विसरू नकोस, की शिकवणारा तूच.

उद्या विचारते. नक्की.

अक्का


१० फेब्रुवारी, सकाळ

धाकट्या,

आधी सांगते, मी धडधाकट आहे. जहाजही आहे.

काल दुपारपासून समुद्र बिघडला. तो निळा, शहाणा दिसणारा समुद्र कुठं गेला कुणास ठाऊक. खिडकीतून एकदा नुसतं पाणी दिसायचं, एकदा नुसतं आकाश. भिंतींना धरून लोक चालत होते आणि हळूहळू चालणारेही कमी झाले. बँकवाल्या बाई अंथरुणाला खिळल्या. त्यांना न मागता कोरडा पाव आणि हिरवं सफरचंद केबिनमध्ये पोचलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव बाईंना कळलं नाही, मला कळलं. मला भूक लागलीय की भीती वाटतेय ते ठरेना, म्हणून मी जेवायला गेले.

हॉलमध्ये पाहते तर वेटर जग घेऊन टेबलांवरच्या चादरींवर पाणी ओततायत! मला वाटलं, झालं, सगळ्यांचं डोकं फिरलं. पण ओल्या कापडावर ताट सरकत नाही. फुलदाण्या गायब, उंच पेले गायब, सूप अर्ध्याच वाट्या. सगळं आमच्या येण्याआधी. आम्ही बसलो आणि जहाज एवढं कलत असताना समोरचं ताट जागचं हललं नाही. मी बोटानं ढकलून पाहिलं. ओल्या चादरीची मला एवढी नवलाई वाटली की मी कुलूपवाल्यांनाही ढकलायला लावलं.

मग तो दणका आला. सगळा हॉल एका बाजूला असा गेला की झुंबरं तिरकी झाली. कुठलीशी ढकलगाडी सुटली आणि भांड्यांसकट भिंतीवर आदळली. तो आवाज अजून कानात आहे. बायका किंचाळल्या. पुरुषही किंचाळले, ते आता नाही म्हणतात. लोक खुर्च्या ढकलून उठले, दाराकडं निघाले. जिना ओला, जमीन तिरकी, सगळे एकदम पळाले असते तर तुडवातुडवी झाली असती. बँकवाले उठले. मीही उठले. खोटं कशाला बोलू.

मुक्या मध्यभागी उभा होता. मला वाटलं आता ओरडेल. तू ओरडला असतास, मी ओरडले असते. त्यानं काय केलं सांगू? तो आमच्या टेबलाशी आला, बँकवाल्या बाईंची रिकामी खुर्ची ओढली आणि बसला. नॅपकिन उघडून मांडीवर ठेवला. पावाची टोपली पुढं घेतली आणि पावाला लोणी लावायला लागला.

हेड वेटर हॉलमध्ये कधी बसत नाही, धाकट्या. कधीच नाही. मी एवढ्या दिवसांत त्याला टेकलेलासुद्धा पाहिला नव्हता. सगळ्या हॉलला हे न सांगता माहीत होतं. त्याला बसलेला पाहून शेजारचं टेबल बसलं. मग त्याच्या पलीकडचं. जिन्यावर पोचलेली माणसं वळून बघत राहिली आणि तिथंच पायरीवर बसली. वेटर खाली उकिडवे बसून टेबलांचे पाय धरून राहिले. एकही शब्द नाही. दिवा विझवावा तसा तो सगळा गोंधळ विझला. मी देवळातसुद्धा एवढी शांतता पाहिलेली नाही.

तो लोणी लावत होता. चेहरा असा की जणू रोज इथंच जेवतो. आणि टेबलाखाली त्याचा गुडघा थडथड उडत होता. माझ्या गुडघ्याला लागत होता, म्हणून कळलं. मी वर पाव कुरतडत राहिले आणि खाली त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "मॅडम, लोणी?" म्हणाला. मी म्हटलं, "थोडं."

थोड्या वेळानं जहाज सरळ झालं, तो उठला, नॅपकिनची घडी केली, हात मागे बांधले आणि चालायला लागला.

आज सकाळी कळलं, त्याला वरून बोलणी बसलीत. पाहुण्यांच्या टेबलावर नोकरानं बसायचं नाही, हा इथला पहिला नियम. मी भडकले. त्यालाच हसू आलं. म्हणाला, "नियम बरोबर आहे, आत्या. रोज बसायला लागलो तर मला बसलेला बघून कोण खाली बसेल?"

मी आजही तुझा विषय काढला नाही. वेळ होता. पण तुला खरं सांगते, मला तो काढावासा वाटला नाही.

अक्का


१३ फेब्रुवारी, सकाळ

धाकट्या,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुझ्या हातात देणार आहे, आणि तू वाचून संपवेपर्यंत बाहेर थांबणार आहे. तोंडानं सांगायला गेले तर तू पहिल्या वाक्याला ओरडशील आणि खरं ते राहून जाईल.

आधी कालची संध्याकाळ. शेवटचं जेवण. टेबलाटेबलांवर पाकिटं निघाली. बँकवाल्यांनी उंच वेटरला दिलं, नीट, हातात. मग मुक्या आला, सगळ्या टेबलांशी जातो तसा. "सफर बरी झाली ना?" एवढंच विचारतो. बँकवाल्यांनी हात मिळवला, "छान, छान" म्हणाले आणि खिशाकडं हात नेला नाही. तो गेल्यावर आम्हाला समजावून सांगायला लागले, "तत्त्वाचा प्रश्न आहे. तो नुसता बसला होता हो."

कुलूपवाले सफरभर चार वाक्यं बोलले असतील. ते म्हणाले, "तुम्ही उभे होतात. म्हणून तो बसला." आणि आपलं पाकीट घेऊन स्वतः उठून गेले, त्याला द्यायला.

मी बघत होते ती वेगळीच गोष्ट. मुक्या कुलूपवाल्यांसमोर जेवढा वाकला, तेवढाच बँकवाल्यांसमोर वाकला होता. केसभर कमी नाही. मी डोळ्यांनी मापलं.

आज उजाडल्यावर रिकाम्या हॉलमध्ये त्यानं मला चहा पाजला. उभ्यानंच, मी बसलेली. मी विचारलं, "त्या बँकवाल्याचा राग नाही आला?" म्हणाला, "आला ना. पुन्हा या जहाजावर आले तर दाराजवळच्या वाऱ्याच्या टेबलावर बसवीन." आणि हसला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, देवमाणूस वगैरे झालेला नाही, आपलाच आहे.

मग मी विचारलं, "आणि टिप घ्यायला कसंसं नाही होत? तुझ्या बापाचा नियम तुला माहीत आहे." ते मला विचारायचंच होतं. गिऱ्हाइकानं ताटाखाली ठेवलेली नोट त्यानं खिशात घातली म्हणून तू त्याला भर रस्त्यात त्या माणसामागं धावायला लावलंस, खानावळीसमोरचा अख्खा एसटी डेपो बघत होता. तो परत आला, मुकाट्यानं राहिलेली टेबलं पुसली आणि दुसऱ्या सकाळी घरात नव्हता. त्यावर त्याच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नव्हता.

तो म्हणाला, "बाबा चूक नव्हते, आत्या. त्यांचं गिऱ्हाईक उद्या परत येणार असतं. आज त्यानं जास्त दिलं तर उद्या तो ऐटीत येईल, आणि ज्याच्याकडं नाही तो यायचा थांबेल. तिथं न घेणंच बरोबर. इथं माणूस उतरला की संपलं. मी त्याची बायको आजारी असताना सफरचंद पाठवलेलं असतं, तो घाबरलेला मी पाहिलेला असतो. हे सगळं अंगावर घेऊन त्याला घरी जायचं नसतं. काहीतरी देऊन त्याला मोकळं व्हायचं असतं. मी घेतलं नाही तर तो मोकळा होत नाही." मग शेजारची खुर्ची सरळ करत, "बँकवाले बिचारे अडकले."

एवढं लांब बोलला, आपला मुक्या. मी चहाचा कप खाली ठेवायला विसरले.

आणि तेव्हा मी विचारलं. तुझ्यासाठी विचारलं, धाकट्या, शब्द दिला होता म्हणून. म्हटलं, "तुझ्या बाबांचे गुडघे गेले. त्यांनी मला तुला न्यायला पाठवलंय."

तो म्हणाला, "बाबांनी बोलावलं?"

मी म्हटलं, "हो."

"बाबा स्वतः म्हणाले? माझं नाव घेऊन?"

"हो रे."

"येतो," म्हणाला.

लगेच. एका श्वासाचाही वेळ घेतला नाही. हे जहाज आता दूरच्या समुद्रावर जाणार, वर्ष-दोन वर्षं इकडं फिरकायचं नाही. तो म्हणाला, पुढच्या बंदरावर राजीनामा देतो, तिथून विमानानं येतो. खानावळीचा पत्रा गळतो का अजून, विचारलं. मागचे बाक बदलले का, विचारलं. आणि बोलता बोलता त्याचे हात मागून सुटले आणि दोन्ही बाजूंना लोंबायला लागले. मान खाली गेली. त्या एवढ्या उंच हॉलमध्ये, ज्यानं सगळ्यांना नुसतं बसून वाचवलं, तो माणूस माझ्यासमोर बघता बघता त्या दिवशीच्या पोरासारखा उभा राहिला, नोट परत करून आलेल्या. तू "ये" म्हणालास एवढ्यानं.

तू हे जिंकलास, धाकट्या. तुझा मुलगा तुझ्या एका शब्दावर हे सगळं टाकून यायला तयार आहे. इतकी वर्षं तू रागावलास, त्यानं राग धरलाच नव्हता. हे मला तुला सांगायचंच होतं, आणि हे वाचून तुला काय होईल तेही मला माहीत आहे. होऊ दे.

पण मी त्याला नाही म्हटलं. तू न्यायला पाठवलेल्या बाईनं. मी म्हटलं, "यायचं नाही. तुझ्या बाबांना मी सांगते."

तो म्हणाला, "आत्या, मग बाबांना वाटेल मी नाही म्हटलं."

मी म्हटलं, "लिहून देते. तू हो म्हणालास, मी नाही म्हटलं." ते हे लिहिलंय.

खानावळ ज्याच्या हातात आत्ता पळी आहे त्या आपल्या जुन्या वाढप्याला दे. इतकी वर्षं तो वाढतोय, तुझ्याहून जास्त गिऱ्हाइकं त्याला नावानिशी माहीत आहेत, आणि तू त्याला कधी विचारलेलं नाहीस. आणि कुलूप लागलं तर लागू दे. जे त्या खानावळीत चांगलं होतं ते मी समुद्रावर पाहून आले. तिथं ते चालू आहे, झुंबराखाली, हजार माणसांत. मी ते बघितलंय, आता तू बघ.

कारण आज दुपारी जहाज इथंच आहे, संध्याकाळी सुटेल. जहाजावर काम करणाऱ्यांपैकी ज्यांचं घर बंदराजवळ आहे त्यांना घरच्या एका माणसाला जेवायला बोलवायची परवानगी मिळते. त्यानं ती तुझ्या नावानं काढलीय. आजच नाही. जेव्हा जेव्हा हे जहाज आपल्या बंदराला लागलं, तेव्हा तेव्हा त्यानं तुझ्या नावानं परवानगी काढली आणि हॉलमध्ये एक जागा राखली. तुला कळवलं नाही, कारण तू येणार नाहीस हे माहीत होतं. मला त्यानं सांगितलं नाही. उंच वेटरनं सांगितलं, माझी पिशवी उतरवताना. म्हणाला, "साहेबांचे पाहुणे कधी येतच नाहीत. जेवण संपेपर्यंत ते टेबल ते कुणाला देत नाहीत."

मी बाहेर गाडीत बसले आहे. गाडीवाला थांबायला तयार नव्हता, त्याला मी दटावून बसवलंय. तोंड धू, शर्ट बदल आणि ये.

अक्का